बिननावाच्या चिठ्ठ्या

हिरण्यकेशीच्या काठी वसलेले गडहिंग्लज कोल्हापूरपासून सुमारे ७० किलोमीटरांवर आहे आणि कर्नाटकाची सीमा तेथून अगदी जवळ आहे. मिरची आणि गूळ यांची पेठ म्हणून त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. फुटबॉलच्या सामन्यांना तेथे जी गर्दी लोटते ती पाहून मोठ्या शहरांनाही हेवा वाटावा. अशा या गावाला व्याख्यानाचे अप्रूप नाही. महाराष्ट्रात ऐकण्याची परंपरा जुनी आहे. देवळातील कीर्तन तर होतेच. पण १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि तिचे अनुकरण करीत पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. इतिहास, संतवाङ्मय, राजकारण, आरोग्य असे नाना विषय तेथे आले. अलीकडच्या काही दशकांत त्यांत आणखी एका विषयाची भर पडली आहे. तो विषय म्हणजे कुटुंबातील नातेसंबंध आणि मनाचे आरोग्य. त्यावर बोलावयास बहुधा एखादे मानसशास्त्रज्ञ येतात.

हा विषय इतरांसारखा नाही. प्रतापराव गुजरांची गोष्ट सांगणाऱ्या वक्त्याचे काम त्या मानाने सोपे असते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सहा साथीदारांसह ते ज्या नेसरीच्या खिंडीत शत्रूवर तुटून पडले, ती नेसरी याच तालुक्यातील. ती कथा ऐकताना श्रोत्याची छाती फुगते आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे तो अभिमानाने पाहतो. घरातील ताणांविषयीचे व्याख्यान ऐकताना मात्र शेजाऱ्याकडे पाहण्याचे धाडस कोणालाच होत नाही. प्रत्येक श्रोता आपले घर मनात घेऊन आलेला असतो. वक्त्याने 'सासू' हा शब्द उच्चारला की मागल्या रांगेत कोणाच्या तरी कोपराचा धक्का कोणाला तरी बसतो. 'व्यसन' म्हटले की एखादी स्त्री पदर सावरून खाली पाहू लागते. पुण्यामुंबईच्या सभागृहात श्रोते परस्परांना अनोळखी असतात. तालुक्याच्या गावी ते एकमेकांचे सोयरे, शेजारी, गिऱ्हाईक वा सावकार असतात. तेथे कोणतेही उदाहरण दिले तरी ते कोणाच्या तरी छपरावर जाऊन पडतेच.

म्हणून असा व्याख्याता प्रारंभी उदाहरणे देतच नाही. तो शब्दांपासून सुरुवात करतो, आणि हे शहाणपणाचे आहे. मनाच्या दुखण्यांना मराठीत शब्द नाहीत, ते सारे इंग्रजीतून आले, अशी एक समजूत सुशिक्षितांत आढळते. ती खरी नव्हे. 'त्याने धसका घेतला', 'तिने हाय खाल्ली', 'जिवाला घोर लागला', 'मनाला लावून घेतले', 'अन्न गोड लागेना', 'मन थाऱ्यावर नाही' असे वाक्प्रचार प्रत्येक घरात रोज बोलले जातात, आणि भीती, खेद, चिंता व उदासी यांच्या छटा त्यांत इतक्या बारकाईने वेगळ्या केलेल्या असतात की शास्त्राच्या परिभाषेलाही ते सहज साधत नाही. धसका एका क्षणात बसतो. घोर महिनोन्महिने पोसला जातो. हाय खाल्लेले माणूस झिजत जाते. मनाला लावून घेतलेले माणूस मात्र निदान रागावण्याइतके तरी जिवंत असते. हे शब्द ऐकताच श्रोत्यांच्या चेहऱ्यावरील ताण सैल होतो. आपल्या घरातील गोष्ट परकी नाही, तिला पूर्वीपासून नाव आहे, हे त्यांना उमगते.

पण याच भाषेत आणखी एक शब्द आहे, आणि तो सगळ्यांवर मात करतो. तो शब्द म्हणजे 'वेड'. धसक्यापासून ते खऱ्या तीव्र मनोविकारापर्यंतची लांबलचक वाट या एका शब्दाने पुसून टाकली जाते. मग माणूस एक तर शहाणा ठरतो, नाही तर वेडा. मध्ये काही उरतच नाही. कायद्याची भाषाही फार काळ अशीच होती. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणाचा उल्लेख होता. १९८७ साली त्याच्या जागी मानसिक आरोग्याचा कायदा आला आणि २०१७ साली मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा झाला. रुग्णाला साखळीने बांधून ठेवणे या कायद्याने निषिद्ध ठरविले. कायद्यातून जो शब्द गेला तो बोलण्यातून जावयास वेळ लागतो, हे उघड आहे.

गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड या भागांतील घरांची घडण थोडी निराळी आहे, हेही व्याख्यात्याला ध्यानात घ्यावे लागते. येथील किती तरी पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला गेले, कित्येक सैन्यात गेले. वडील वर्षातून एकदा-दोनदा येणार, एरवी मनीऑर्डर येणार, आणि शेत, गुरे, सासूसासरे व मुले हे सारे एकटी आई सांभाळणार, ही येथील कित्येक घरांची रीत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मिटला नाही, विरून गेला. हजारो माणसे गावी परतली. ज्यांच्याशी मुलांचा परिचय पत्रातून आणि यात्रेच्या दिवसांतून झालेला, ते वडील आता रोज घरात बसलेले दिसू लागले. काम गेलेला पुरुष आणि त्याच्याविना घर चालविण्याची सवय झालेली स्त्री एका छपराखाली आली. त्या घरांत काय घडले असेल, याचा हिशेब संपाच्या कोणत्याही इतिहासात सापडत नाही. त्या पिढीची मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत आणि सभागृहात खुर्च्यांवर बसलेली आहेत.

घराचा आणि मनाच्या आजाराचा संबंध काय, या प्रश्नावर खुद्द शास्त्रालाही फार काळ चाचपडावे लागले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत एक मत प्रबळ होते, की छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा, उगम आईच्या वागण्यात असतो. आई थंड, हुकमी वा विचित्र वागली म्हणून मूल आजारी पडते, असे त्या मताचे सार. पुढे ते टिकले नाही. या आजाराची मुळे बव्हंशी मेंदूच्या घडणीत आणि अनुवंशात आहेत असे दिसून आले. परंतु तोवर असंख्य मातांनी आपल्या मुलाच्या दुखण्याबरोबर त्याचा दोषही वाहिला. एखाद्या चुकीच्या सिद्धांताने केवढा अन्याय होऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच सापडेल. चांगला व्याख्याता ही गोष्ट सांगतोच, कारण पहिल्या रांगांत आयाच बसलेल्या असतात.

घराचा संबंध नाही असे मात्र नव्हे. १९५८ साली लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांचे सहकारी यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. मनोरुग्णालयातून सुटून जे पुरुष आईबापांकडे किंवा पत्नीकडे राहावयास गेले, त्यांतील अधिक जणांना पुन्हा रुग्णालयात यावे लागले. जे भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिले, ते त्या मानाने बरे राहिले. मायेची माणसे जवळ असता आजार उलटावा, हे कोडेच होते. पुढील संशोधनात त्याचा उलगडा झाला. ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते, त्याच्याविषयी वैरभाव असतो, किंवा याच्या अगदी उलट, त्याची अतोनात काळजी वाहून त्याला श्वासही घेऊ दिला जात नाही, त्या घरात आजार उलटण्याचे प्रमाण अधिक. आजार घराने निर्माण केलेला नसतो, पण त्याच्या उलटण्याला घराचे बोलणे कारण होऊ शकते. दोष आणि जबाबदारी यांतील हा भेद नाजूक आहे. तो सभेत समजावून सांगणे हीच व्याख्यात्याची खरी परीक्षा होय.

हेच मोजमाप पुढे चंदीगडमध्ये झाले, आणि १९८७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लंडनच्या तुलनेने तेथील नातेवाइकांत टीकेचे आणि वैरभावाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. खेड्यांतील घरांत तर ते आणखी कमी होते. भारतीय घरांनी यावर फुशारून जाण्याचे कारण नाही, कारण टीका न करणे म्हणजे औषध देणे नव्हे. तरी आपल्या घरात काही एक सामर्थ्य आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

ते सामर्थ्य फार पूर्वी एका डॉक्टरांनी ओळखले होते. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी लष्कराचे जुने तंबू मिळवून रुग्णालयाच्या आवारात ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तेथे येऊन राहण्यास सांगितले. तोवर रीत अशी होती की रुग्णाला फाटकाशी सोडावे आणि घरी निघून जावे. पुष्कळदा परत न्यावयास कोणी येतच नसे. तंबूंत राहिलेल्या नातेवाइकांनी आपल्या माणसाला बरे होताना डोळ्यांनी पाहिले. डॉक्टर त्या सर्वांना एकत्र बसवून त्यांच्याशी बोलत, आजार कसा असतो ते साध्या शब्दांत सांगत, त्यांच्या शंका फेडीत. उघड्या मैदानात, तंबूंच्या रांगांमध्ये चाललेले ते बोलणे हे या देशातील या विषयावरील पहिल्या व्याख्यानांपैकी एक म्हटले तर ते वावगे होणार नाही. पुढे वेल्लोरलाही नातेवाइकांनी रुग्णासोबत राहण्याची सोय झाली आणि ही पद्धत इतरत्र पसरली.

महाराष्ट्रात हे काम निरनिराळ्या वाटांनी झाले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांच्या या कार्यास पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य लाभले होते. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीशीही बोलले पाहिजे, हे तेथे आरंभापासून मानले गेले. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली आणि लेखन, नाटक व व्याख्यान या तिन्ही मार्गांनी हा विषय मराठी घराघरांत नेला. मनोविकारतज्ज्ञाने दवाखान्याबाहेर येऊन व्यासपीठावर उभे राहावे, ही गोष्ट आज सवयीची वाटते. ती सवय अशा माणसांनी लावली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धतीही मराठीत याच काळात रुजली, आणि किशोर फडके यांनी तिच्या प्रसारासाठी पुष्कळ परिश्रम केले. माणसाला घटना जेवढी दुखावीत नाही तेवढा तिच्याविषयीचा त्याचा आडमुठा विचार दुखावतो, असे ती पद्धत मानते. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांच्या धाकाखाली जगणाऱ्या समाजाला ती जवळची वाटावी यात नवल नाही.

आणि एक वाट तर सातासमुद्रापलीकडून आली. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात गणिती शास्त्रांचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला छिन्नमनस्कतेचा आजार होता. परमुलखात, आपल्या माणसांपासून दूर त्यांनी तो संसार सांभाळला. या आजाराच्या घरांना किती एकटे पडावे लागते हे त्यांनी सोसून जाणले होते. पुढे त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी राहिली. रुग्णांचे नातेवाईक तेथे एकत्र जमून परस्परांशी बोलू लागले. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला 'देवराई' हा चित्रपट निघाला, त्यामागेही वाणी यांचीच तळमळ होती. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांच्या त्या कथेने, जे शंभर व्याख्यानांनी झाले नसते, ते केले. घरातील गोष्ट चारचौघांत सांगण्यास मोठे धैर्य लागते, आणि सुशिक्षित माणसाला ते अधिकच लागते.

सर्वांनाच असे धैर्य नसते, आणि ते असावे अशी अपेक्षाही करू नये. म्हणून गडहिंग्लजसारख्या गावी व्याख्यान संपल्यावर प्रश्न तोंडी विचारावयास सांगत नाहीत. कागदाचे तुकडे वाटतात. नाव लिहू नये, एवढेच बजावतात. पहिली काही मिनिटे कोणी हालत नाही. मग एखादा शाळकरी मुलगा रांगांतून फिरू लागतो आणि घडी घातलेल्या चिठ्ठ्या त्याच्या हाती जमू लागतात. काही चिठ्ठ्या केवळ शिष्टाचाराच्या असतात: मुलांचा अभ्यासातील रस कसा वाढवावा, मोबाईलचा नाद कसा सोडवावा. त्यांची उत्तरे भराभर होतात. मग वहीच्या फाडलेल्या पानावर, शाळकरी अक्षरात लिहिलेली एखादी चिठ्ठी निघते. आई पुष्कळ महिने बोलत नाही, जेवत नाही, रात्री उठून बसते. घरचे म्हणतात बाहेरचे आहे. डॉक्टरला दाखवावे तर लोकांना कळेल आणि मग ताईच्या लग्नाचे काय?

अशी चिठ्ठी वाचताना अनुभवी व्याख्याता नजर कागदावरच ठेवतो. सभागृहाकडे पाहिले तर कोणता तरी चेहरा त्याला कळून येण्याची भीती असते, आणि त्याला कळले तर तो सर्वांनाच कळेल. उत्तर तो त्या मुलाला देत नाही. सगळ्या सभेला देतो. झोप उडणे, अन्नावरील वासना जाणे, बोलणे तुटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो तापासारखाच आजार समजावा. त्यावर औषधे आहेत; त्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ती टाकून देऊ नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंदही करू नयेत. अशा माणसाला 'ऊठ, कामाला लाग' असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला धाव म्हणण्यासारखे आहे. गावातच उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे जाऊन मनोविकारतज्ज्ञाची गाठ कोठे पडेल ते विचारावे. तेही अवघड वाटले तर २०२२ सालापासून सरकारने १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीची विनामूल्य सोय केली आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते. हे सारे सभेतील चारशे माणसांना सांगितले जाते, आणि ज्या एकाला ते हवे असते त्याच्यापर्यंत, त्याच्याकडे कोणीही वळून न पाहता, पोहोचते. दवाखान्याच्या बाकावर हे आच्छादन त्याला लाभले नसते.

ताईच्या लग्नाच्या प्रश्नाला मात्र असे सरळ उत्तर नाही, आणि प्रामाणिक व्याख्याता तसे बोलून दाखवितो. अशा आजारांत अनुवंशाचा काही अंश असतो, तरी रुग्णांच्या बहुसंख्य मुलाबाळांना तो होत नाही, एवढे शास्त्र सांगते. सोयरिकीला येणारे पाहुणे ते ऐकून घेतील की नाही, हे शास्त्र सांगू शकत नाही. लपविल्याने काय होते, ते मात्र त्याने पाहिलेले असते: एखादी मुलगी स्वतःचा आजार लपवून सासरी जाते, चार माणसांसमोर गोळी घेता येत नाही म्हणून ती बंद करते, आणि सहा महिन्यांत तिचे दुखणे दुप्पट होऊन उलटते. मुलीच्या आईचा आजार आणि मुलीचा आजार या दोन गोष्टी अर्थातच वेगळ्या. पण दोन्ही ठिकाणी गोळ्यांची डबी लपविण्याची भीती एकच.

व्याख्यानाने आजार बरा होत नाही, हेही येथे म्हटले पाहिजे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी शेकडा दहाहून थोड्या अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही सरकारची चार जुनी मनोरुग्णालये. गडहिंग्लजच्या माणसाला त्यांतील कोणतेही जवळ नाही. त्यातच मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांतील भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. पहिला बोलून उपचार करतो, दुसरा वैद्यकाची पदवी घेतलेला असल्याने औषधेही देतो; लोक दोघांनाही 'डॉक्टर' म्हणतात आणि दोघांकडूनही एकाच भेटीत गुण मागतात. टाळ्या मिळविण्यासाठी विनोदांची पेरणी करून, घरातील प्रत्येक दुखण्याला एकेक चुटकीसरशी युक्ती सांगणारे वक्तेही याच व्यासपीठांवर येतात. ते अधिक लोकप्रिय होतात. पण त्यांना चिठ्ठ्या येतात त्या सगळ्या शिष्टाचाराच्याच.

सभा संपते, आभार मानले जातात, पुष्पगुच्छ दिला जातो. खुर्च्या आवरण्याचा आवाज सुरू होतो तरी काही माणसे दाराशी रेंगाळत राहतात. एकमेकांना आधी जाऊ देण्याचा आग्रह करीत, कारण सर्वांनाच शेवटी राहावयाचे असते. उरलेल्या चिठ्ठ्या तबकात पडलेल्या असतात. आयोजकांपैकी कोणी तरी त्या फेकून देण्यासाठी गोळा करू लागतो, तेव्हा व्याख्याते त्याला थांबवितात, त्या सर्व मोजून आपल्या पिशवीत ठेवतात आणि मग दाराशी उभ्या असलेल्या पहिल्या माणसाला आत बोलावतात.